दुसरं माहेर

विधवाश्रमाच्या मदतीसाठी आम्ही शाळेतल्या पोरी जालन्यात दारोदार गात फिरलो. चाली दुर्गाक्कानं बसवल्या, ती आमच्याबरोबर गायचीही; ढोलकी तिच्या भावाची, भालचंद्रदादाची. अक्का स्वतः विधवाच, पण भावाकडं राहायची. 'आश्रम म्हणजे दुसरं माहेर' ही ओळ तिनंच जुळवली. ऐकताना बाया पदरानं डोळे पुसायच्या, झोळ्या भरायच्या.

आठवड्यानं त्यांच्या दारात टांगा आला. आत अक्काची ट्रंक.

"दादा, माझं काही चुकलं का?"

"न्हाई गं. गावभर तूच गात फिरलीस ना, दुसरं माहेर म्हणून. मंग जायला काय झालं?"

अक्का टांग्यात बसली. दादानं ढोलकी गळ्यात अडकवली. "पोरींनो, अक्काला बराबर निरोप द्या."

तिनं शिकवलं होतं तस्संच, एकही सूर न चुकवता आम्ही गायलो.