मुठीतली मटकी

"नको गं, मला भूक नाही," म्हणत अप्पांनी ताट सरकवलं. "दिवसभर पडून असतो. काम नाही, धाम नाही. खायचं कशाला?"

साताऱ्याच्या तालमीत पोरांचा घाम काढणारा हा माणूस, पण पायाचं हाड मोडलं आणि जेवणावरची वासनाच उडाली. सुनेला, वैजयंताला, त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना. ती शाळेत विज्ञान शिकवायची. दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी तिनं दोन थर्मासांत मटकी भरून ठेवली होती. एकात मोड आलेली, दुसऱ्यात उकडून गार केलेली.

सकाळी शाळेला निघताना ती अप्पांच्या खाटेपाशी थांबली. "अप्पा, हात पुढे करा बघू."

तिनं आधी हातावर ठेवलेली उकडलेली मटकी गारच होती. मोडाची हातावर पडली, तशा अप्पांच्या भुवया वर गेल्या. "ही तापवलीस होय?"

"छे! रात्रभर नुसती पडून होती. पण जिवंत आहे ना! तिची एकेक पेशी प्राणवायू घेऊन साठवलेलं अन्न हळूहळू जाळते. त्यातून ताकद सुटते, वर थोडी ऊबही. तुमच्या अंगातही तेच चाललंय. मोडलेलं हाड काय फुकटात जुळतंय?"

अप्पांनी मूठ मिटून घेतली.

संध्याकाळी मुलगा घरी आला, तेव्हा अप्पा उसळीची दुसरी वाटी संपवत होते.

"अरे वा! आज काय केलंत दिवसभर?"

"जगलो," अप्पा म्हणाले. "कमी काम आहे होय ते?" आणि वाटी सुनेपुढे धरली. "वाढ गं. वर लिंबू पीळ."