आठ विटा

फिनियासची आई, मा, चर्चला गेली तशी त्याने तिची खाट उचलून एकेका पायाखालच्या दोन-दोन विटा काढल्या. चार डाव्या स्पीकरखाली रचल्या, चार उजव्या. वरून काळं मखमली कापड. खुर्चीत बसून पाहिलं. स्पीकर बरोबर कानाच्या उंचीला आले होते.

दुपारी मामेलोडी वस्तीचं, रेकॉर्ड ऐकायला जमणारं जॅझ मंडळ आलं. सात जण, दुरंगी बूट, तिरप्या टोप्या. मागच्या खेपेला स्पीकर जमिनीवर होते, तेव्हा अध्यक्ष मोलेफी मास्तर म्हणाले होते, "सुरेख. माझ्या घोट्यांना फार आवडलं."

आज मास्तरांनी रेकॉर्डची एक अख्खी बाजू डोळे मिटून ऐकली. "स्टँड कुठले रे?"

"जर्मनीचे," फिनियास म्हणाला.

"वाटलंच मला," मंडळातला ओबेद म्हणाला. "जर्मन माणूस पाया पक्का करतो."

तेवढ्यात मा आली. सगळे टोप्या काढून उभे राहिले. ती आत गेली, आणि लगेच परत दारात आली. तिने काळ्या कापडांकडे पाहिलं. मग मुलाकडे.

"खाट खाली आलीय," ती म्हणाली.

मंडळात दोन मुख्याध्यापक होते, एक बँकवाला होता, आणि तोकोलोशेवर कुणाचाच विश्वास नव्हता. गुडघ्याएवढं ते भूत रात्री येऊन छातीवर बसतं, उंच खाटेवर त्याला चढता येत नाही, ही सगळी म्हाताऱ्यांची बडबड. सातही जणांच्या घरच्या खाटा विटांवर होत्या.

"असू दे," मा म्हणाली. "तुम्ही आठ बाप्ये आहात ना घरात. मी घटकाभर पडते. फक्त मी उठेपर्यंत कुणी जाऊ नका हं, बाळांनो."

खोलीचं दार तिने उघडंच ठेवलं.

रेकॉर्ड वाजत राहिली. कुणाची मान डोलेना. फिनियासचे कान तापले होते. तो दाराकडे सोडून सगळीकडे बघत होता.

"जर्मनीचे," मास्तर हळूच म्हणाले. एवढंच. मग त्यांनी सुई उचलून ठेवली आणि कोट काढला.

स्पीकर जमिनीवर उतरले. आठ जण विटा घेऊन चवड्यांवर आत गेले. मा चर्चच्या पांढऱ्या टोपीसकट झोपली होती. चौघांनी चार कोपरे धरले. खाट तिच्यासकट वर गेली. बाकीच्यांनी पायांखाली विटा सारल्या. सगळ्यांनी श्वास रोखून खाट खाली टेकवली. फिनियास जमिनीवर पालथा पडून शेवटची वीट सरळ करत होता. तिथून आईचं तोंड दिसत नव्हतं, तेवढंच बरं होतं.

"उशाकडून अजून डुगडुगतेय," मा डोळे न उघडता म्हणाली.