जंतांचं औषध

"वहिनी, ही झोपेत दात खाते," असं चार दिवस राहायला आलेली नणंद म्हणाली, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. "जंत झाले असतील," म्हटलं आणि लेकीला औषध पाजलं. पुढे ती सकाळी गाल धरून उठायला लागली, तशी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"दाढा घासून पार सपाट झाल्यात. कुणाला घाबरते का?" त्यांनी विचारलं.

"ही कसली घाबरते? घरात आम्ही तिघंच तर आहोत."

त्याच आठवड्यात नवरा कामासाठी परगावी गेला आणि लेकीचं दात खाणं थांबलं. औषधाला गुण आला, हे सांगायला मी नणंदेला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "दादा कधी येतोय परत?"

काल दुपारी लेक माझ्या मांडीवर शांत झोपली होती. बाहेर दाराच्या कुलपात किल्ली फिरली.



तिचे डोळे मिटलेलेच राहिले, पण दात करकरू लागले. आणि माझाही जबडा घट्ट आवळला गेला.

तुमच्या घरात कुणी झोपेत दात खात असेल, तर कुणाची चाहूल लागली की खातं, तेवढं एकदा बघाल?