बसलेली बाई

टीव्हीवरच्या जाहिरातींच्या टाकून दिलेल्या फिती आणून ज्योतीराम त्यांचे तुकडे जोडायचा, स्वतःचे छोटे सिनेमे करायचा. नवा सिनेमा त्यानं काळेवाडीच्या खोलीत प्रोजेक्टरनं भिंतीवर लावला. त्याची बायको कस्तुरा दिवसभर कंपनीत उभ्यानं पॅकिंग करून आली होती. भिंतीवर बायका हसत हसत कपडे धूत होत्या, जेवण वाढत होत्या, चहा देत होत्या.

"अहो, एक तरी बसलेली दाखवा की," ती म्हणाली.

त्यानं सगळ्या फिती पालथ्या घातल्या. एकच बाई सापडली, डोकेदुखीच्या गोळीच्या जाहिरातीतली, कपाळ धरून बसलेली. सिनेमाच्या शेवटी तिला जोडून त्यानं कस्तुराला पुन्हा बोलावलं. बाईसमोर गोळी धरलेला हात आला.

"हा हात तेवढा कापा," कस्तुरा म्हणाली. "गोळी घेतली की उठवतील तिला."