पडद्यावरची बायल

गुरुदास मुंबईला हाताने काढलेल्या हलत्या चित्रांच्या, म्हणजे कार्टूनच्या सिनेमासाठी चित्रं काढायचा. गणेशचवथीला घरी आल्या आल्या बायकोला म्हणाला, "वरीसभर एकाच बायलेची चित्रां काढतंय गो."

"कोण ती?" मथुरेने विचारलं. तो नुसताच हसला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी सांजेला मिठबावच्या शाळेपुढे सरकारी गाडीने गुरुदासचाच सिनेमा दाखवायला पडदा लावला. पोरंबाळं खिदळत होती आणि मथुरा सवतीचं तोंड बघायला पुढे सरकून बसली होती. पडद्यावरची बाई कळशी कमरेवर घेऊन, मान कलती करून चालत आली आणि पदरात तोंड लपवून हसली.

"गो मथुरा, ही तर तूच!" शेजारची सुभद्रा ओरडली.

मथुरेने वळून पाहिलं. पडदा सोडून गुरुदास तिच्याकडेच बघत होता.