खाली न येणारं फूल

"ते फूल खाली आणून दाखवा, तर कडा वाचेल," पायथ्याशी उभे असलेले तपासणीचे साहेब म्हणाले. "नाहीतर दगडखाणीला परवानगी."

पावसाळ्यात दोनदा येऊन त्यांनी 'असं फूलच नाही' असा शेरा मारला होता. कपारीतलं हे दुर्मिळ फूल होळीच्या तोंडावर फुलतं, हे पायथ्याच्या वाडीतल्या ठमाबाईनं तेव्हाच सांगितलं होतं. पण ऐकतो कोण!

"होळी पेटल्याबिगर आम्ही त्याला हात लावत नाही," ठमाबाई पदर खोचत म्हणाली. "तुम्हीच वर चला. मी ठेवते तिथंच पाय ठेवा."

साठीची ठमाबाई अनवाणी सरसर चढली. साहेब निम्म्यातूनच हातापायांवर रांगत चढायला लागले. माथ्याजवळच्या अरुंद टप्प्यावर ते पोटावर आडवे झाले, आणि नाकासमोरच्या भेगेत नखाएवढं पिवळं फूल वाऱ्याला दाद न देता उभं दिसलं. मग दुसरं. मग सगळी कपारच पिवळी.

"आहे बाई, आहे!" साहेबांनी डोळे मिटून कबूल केलं. "आता खाली कसं उतरायचं?"

ठमाबाईनं त्यांच्या खिशातलं पेन काढून त्यांच्याच हातात दिलं.

"आधी लिहा. मग वाट दाखवते."