डावीकडची तडतड

"आली! बघा, आली पुन्हा. डावीकडे. ऐकलीत?" मास्तरांनी टेबलावर थाप मारली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई टेबलाखाली गुडघ्यांवर बसली होती. तिथूनच म्हणाली, "मी वायरींच्या गुंत्यात अडकलेय, मास्तर. मला काय कपाळ ऐकू येणार?"

हा तिचा तिसरा फेरा. पहिल्या खेपेला मशीन खरंच आजारी होतं. गाण्यात चाळीस वाद्यं चढली की धापा टाकायचं, सूर अडखळायचे. तिने पंख्यातली धूळ काढली, मेमरी दुप्पट केली, मागे गुपचूप चालणारे सतरा प्रोग्रॅम बंद केले. अडखळणं थांबलं. ही तडतड तेवढी राहिली. बारीक, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. दुसऱ्या खेपेला तिने साउंड कार्ड बदललं. तडतड जिथल्या तिथे.

ती उठली, खुर्ची ओढली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हा आकडा बघा. तीस टक्के. मशीनवर ताणच नाही. झोपा काढतंय ते."

"मग तडतडतंय कोण? तुमचा आकडा?"

"नाही, पण..."

"बाई, या कानांवर चाळीस वर्षं पोट भरलंय मी. वीस व्हायोलिनांत एकाची एक तार उतरली तर पाठ फिरवून सांगायचो, कुणाची ते. आकडे मला दाखवू नका."

बाईने पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मास्तरांच्या कानापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. त्यांची बायको डाव्या हाताच्या दारात उभी होती, स्वयंपाकघराच्या. तडतड विजेच्या लाइनमधून येते असा शोध मास्तरांनी लावल्यापासून घरातला फ्रीज दिवसभर बंद असायचा. मिक्सरही बंद. तीन महिने ती खलबत्त्यात कुटत होती आणि नासलेलं दूध मोरीत ओतत होती.

गाणं संध्याकाळच्या आत जायला हवं होतं. दोनदा परत आलं होतं. तडतड झाकायला मास्तरांनी गाण्यातल्या वरच्या सुरांची सगळी धार कापून टाकली होती. निर्मात्याने कळवलं होतं, 'मास्तर, गाणं गोधडीखालून येतंय.' तिसऱ्यांदा परत आलं, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. हे आणि पुढचीही सगळी.

"एक करा," बाई म्हणाली. "हेडफोन उलटा घाला. डावा उजव्या कानावर, उजवा डाव्यावर."

"त्याने काय होणार?"

"दोष मशीनचा असेल तर तडतड उजवीकडे जाईल. पाच पैशांची अक्कल. पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं मी हे. पण तुमच्या कानाची परीक्षा घ्यायची म्हणजे..."

"घ्या, घ्या. परीक्षा घ्या." मास्तर हसले आणि हेडफोन उलटा चढवला.

तिने त्यांची सगळी कापाकापी काढून टाकली आणि गाणं लावलं. डावीकडची बासरी उजवीकडे आली. वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू आला, तीन महिन्यांत पहिल्यांदा. उजवीकडची व्हायोलिनं डावीकडे गेली आणि गोधडीखाली शिरली.

तडतड हलली नाही.

"गेली उजवीकडे?"

मास्तरांनी हेडफोन सुलटा केला. ऐकलं. पुन्हा उलटा केला. पुन्हा सुलटा. मग दोन्ही हातांनी तो कानांवर दाबून धरला आणि डोळे मिटले.

"चालू राहू दे," ते म्हणाले. "येतेय अजून. तुम्ही फक्त बंद करू नका."

"मास्तर, गाणं मी कधीच थांबवलंय."

त्यांनी डोळे उघडले. गाण्याबरोबर सरकणारी पडद्यावरची रेघ मधोमध थांबून उभी होती.

"अगं," त्यांनी बायकोकडे पाहिलं. "सांग ना हिला. तुलाही येत होती ना ऐकू? पहिल्या दिवशी तूच तर म्हणालीस."

बायकोने पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"तुम्ही विचारलंत, 'ऐकू येतंय ना, का बहिरी आहेस?'" ती म्हणाली. "मग मी हो म्हटलं."

बाईने मशीनचं झाकण लावलं. चार स्क्रू होते. चारही तिने गरजेपेक्षा सावकाश पिळले.

"वायर," मास्तर एकदम म्हणाले. "हेडफोनची वायर राहिलीय बदलायची."

वायर तिने सकाळीच बदलली होती. तीही त्यांच्यासमोरच. तिने पिशवीतून दुसरी नवी वायर काढली, वेटोळं सोडवलं आणि जोडायला बसली. दुसरं ती काय करणार होती?

बायको डावीकडे, स्वयंपाकघरात गेली. बटण दाबल्याचा आवाज झाला. फ्रीज एकदा थरथरला आणि घुमायला लागला.

मास्तर ताडकन उजवीकडे वळले, आणि तिथल्या कोऱ्या भिंतीला म्हणाले, "बंद कर तो."